गॅलनला आठ

पेट्रोल भरून झालं की ऑरिन टाकीचं झाकण
तीनदा करकरवायचा,
मग आत येऊन माझ्या गुडघ्यांवरून हात लांबवून
समोरच्या कप्प्यातली वही काढायचा.
तारीख. गाव. मैल. गॅलन.
आणि शेवटच्या रकान्यात, भागाकार करून,
पॉइंटनंतर दोन आकडे.
पावती दातांत धरलेली.

अठरा वर्षं.

मी म्हणायचे, अरे, चौतीस फुटांचं घर आहे हे.
पलंग, शेगडी, संडास, माझं शिवणयंत्र,
तू नदीनदीतून उचललेले धोंडे,
एवढं पाठीवर घेऊन डोंगर चढायचा
तर ती पिणारच.
लिहून ठेवलंस म्हणून घोटभर कमी पिणार आहे का?
कुठंही जा, गॅलनला मैल आठच.

आठ नाही, तो म्हणायचा.
सात पॉइंट चौऱ्याण्णव.

एकदा त्याचं खरं ठरलं, नाही म्हणत नाही.
नेब्रास्कात लागोपाठ तीनदा आकडा सहाच्या खाली.
वारा नाही, चढ नाही.
ऑरिन खाली वाकून एकेका चाकाजवळ हात नेत गेला.
मागचं उजवं तव्यासारखं तापलेलं,
ब्रेक धरून बसलेला.
गॅरेजवाला म्हणाला, अजून शंभर मैल गेला असतात
तर रस्त्यातच पेटली असती.
त्या रात्री जेवताना ऑरिन एक अक्षर बोलला नाही.
फक्त वही मीठदाणीला टेकवून
उभी ठेवली,
माझ्यासमोर.

पण एका चाकासाठी अठरा वर्षं?
त्या पेन्सिली, ते भागाकार,
पंपावर मागे हॉर्न वाजवणारे ट्रकवाले,
यांचा हिशेब कुठल्या रकान्यात?

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरने आधी रात्रीचं बंद केलं,
मग दिवसाचंही.
गाडी मायनॉटला अंगणात उभी राहिली,
काचेत पाटी, विकणे आहे.
कप्पे रिकामे करताना मी वही उघडली,
टाकूनच द्यायची होती.

६.३१, रॉलिन्स.
वाऱ्याने गाडी पाळण्यासारखी हलत होती,
दोन दिवस आम्ही पत्ते खेळलो
आणि मी चौदा डॉलर जिंकले.
७.८८. ७.९४. ८.०५.
आणि मधेच एक ९.०२,
अख्ख्या वहीतला एकुलता एक नऊ.
माइल्स सिटी, जून.

उतार असेल, म्हटलं.
मग आठवलं.
कार्नाचं घर मोडलं होतं,
तिला आणि तिच्या खोक्यांना आणायला निघालो होतो.
ऑरिनने दिवसभर पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही.
मागून गाड्या शिव्या देत पुढे जात होत्या.
लेकीला काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं,
पोहोचायचंच नव्हतं त्याला.
आणि संध्याकाळी पंपावर उभं राहून
त्याने त्याचाही भागाकार केला होता.

शनिवारी टायरेल नावाचा मुलगा आला,
बायको, कडेवर बाळ.
टायरांना लाथा मारून पाहिल्या,
शेगडी लावून पाहिली, विझवली.
मग विचारलं, मायलेज काय देते?

मी ऑरिनकडे पाहिलं.
वही त्याच्या काखेत होती.
आता बसतोय हा दोन तास, म्हटलं,
बाळ रडणार, गिऱ्हाईक जाणार.

ऑरिनने हनुवटी खाजवली.
आठ, म्हणाला.
वाऱ्यावर आहे.

गाडी दाण्याच्या कोठारापाशी वळली,
दिसेनाशी झाली.
त्याला तर ती फाटकापासूनच दिसत नसावी.
निघताना आकडा पाहिलास का, त्याने विचारलं.
पाहिला होता. का पाहिला, कोण जाणे.
एक लाख बेचाळीस हजार सहाशे अठरा.
त्याने वही माझ्याकडे दिली.
त्याला आता रेघा लागत नाहीत.
मी तारीख घातली, गाव घातलं, मैल घातले,
माझं अक्षर त्याच्याहून मोठं,
दोन ओळी खाऊन टाकणारं.

गॅलन? मी विचारलं.
राहू दे, म्हणाला. त्याचं तो भरेल.