पाय दाखवा

दारात उभी राहून मी खुशाली विचारते,
बकऱ्यांची, पोरांची, ज्वारीची,
आणि मग एकच मागते: पाय दाखवा.
बायका तोबाचा काठ तोंडाशी धरून हसतात,
पुरुष जलाबियाच्या घेरात पाय ओढून घेतात.
कवड्या टाकून नशीब सांगणारी त्यांना माहीत आहे.
ही कुठली, पाय बघणारी?

दफअल्लाचा पाय मी पहिल्यांदा बघितला
तेव्हा त्या दुखण्याला अकरा वर्षं झाली होती.
घोटा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.
आंबलेल्या पिठासारखा वर आलेला तळवा,
त्यावर बारीक बारीक तोंडं,
तोंडांतून खसखशीएवढे काळे दाणे.
दुखतं का?
नाही ना, दुखत असतं तर केव्हाच आलो असतो.

हेच. हेच तर.
विंचू चावला तर गाव गोळा होतं.
हा येतो पाहुण्यासारखा, चप्पल बाहेर काढून,
आणि हाडापर्यंत जाऊन बसतो.

कधी शिरला ते कुणालाच आठवत नाही.
बाभळीचा काटा काय आठवून ठेवायचा?
आमची कुंपणं काट्यांची, सरपण काट्यांचं,
पहाटे गोठ्यात जायचं ते अनवाणी.
सुईनं काढायचा, थुंकी लावायची, कामाला लागायचं.
काट्याचा नायटा होतो, हे सगळ्यांना पाठ.
फक्त तो काटा नेहमी दुसऱ्याच्या पायातला.

सेन्नारला आमचं शिक्षण झालं, तीन आठवडे.
भिंतीवर जगाचा नकाशा होता,
बाईंनी त्याच्या कमरेला लाल खडूचा पट्टा बांधला:
सेनेगल, आम्ही, सोमालिया, येमेन, भारत,
आणि समुद्र ओलांडून मेक्सिको.
म्हणाल्या, याला मदुरेचा पाय म्हणतात.
मदुरा कुठे आहे ते मी विचारलं नाही.
आपल्या गावाचं नाव असं कुणाच्या पायाला लागू नये,
एवढंच मनात आलं.
मेक्सिकोतल्या कुठल्या बाईला मी ओळखत नाही.
तिचा पाय मात्र अंधारात चाचपून ओळखेन.

दफअल्लानं बकऱ्या विकून गोळ्या घेतल्या.
गोळ्या वर्षभराच्या लिहून दिलेल्या,
बकऱ्या पाच महिन्यांत संपल्या.
पुढच्या उन्हाळ्यात गुडघ्याखाली कापला.
कापलेला पाय त्यानं गावी आणला, चादरीत गुंडाळून,
बसच्या टपावर नाही, मांडीवर.
कब्रस्तानात आईच्या पायथ्याशी पुरला.
तेव्हापासून म्हणतो, जागा धरून ठेवलीय.

शहरातला तो दवाखाना आता नाही. लढाईत गेला.
कपाटं, कार्डं, फ्रीजमधले काळे दाणे,
नावनिशीवार जपलेले इतक्या वर्षांचे पाय,
सगळ्यांची एकच राख.
ज्यांचे खरे पाय शाबूत होते ते पळाले,
रात्रीचे, अनवाणी, त्याच काट्यांतून.

नवी गोळी निघालीय म्हणतात,
आठवड्यातून एकदाच घ्यायची.
‘म्हणतात’ हे गाव इथून किती कोस, कोण जाणे.

म्हणून मी दारोदार.
पिशवीत आयोडीन, भिंग, चिमटा,
आणि सदतीस जोड प्लास्टिकच्या चपला,
ज्या पोरं ईदसाठी राखून ठेवतात.

काल बतूलची मधली मुलगी, रिहाब.
टाचेच्या कडेला मसुरीएवढी गाठ.
दुखतं? मान हलवली, नाही.
बतूल म्हणाली, एवढंसं तर आहे.
मी म्हटलं, हो ना, एवढंसंच आहे!
आणि भरून आलं मला. तिला वाटलं, मी घाबरले.

नदीपलीकडे एक डॉक्टर अजून टिकून आहे.
एवढीशी गाठ तो अर्ध्या तासात काढतो.
गाढव दफअल्लानं दिलं, आणि दोरीही
त्यानंच धरली, नको म्हटलं तरी.
वर बसल्या बसल्या रिहाबनं चपला काढल्या,
छातीशी धरल्या, मळू नयेत म्हणून.
घाल, तो म्हणाला, मागे न बघता.
आणि चालू लागला.
वाळूत एक पाऊल, एक गोल ठसा,
एक पाऊल, एक गोल ठसा.