शेऱ्याची जागा

शाळेच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं ते,
मुखपृष्ठ गेलेलं, अकरा विज्ञानकथांचं पुस्तक.
नोंदवहीत शेवटची सही ब्याण्णव सालची,
कुणा शेडगे गुरुजींची.
पाटणहून वर येणारी मुक्कामाची एसटी
पाराशी लागली, तेव्हा मी वाचायला बसले.
हातात, सवयीनं, लाल पेन.

पहिल्या कथेत यान फुटतं आणि प्रचंड आवाज होतो.
पोकळीत आवाज? अर्धा गुण कापला.
दुसरीत नायक प्रकाशाच्या तिप्पट वेगानं जातो
आणि जेवायला वेळेवर परत येतो.
समासात लिहिलं : आकृतीसह स्पष्ट करा.
तिसरीतल्या परग्रहावर तीन सूर्य, जांभळं गवत,
आणि चहा तिथंही बायकाच करताहेत.
पूर्ण एक गुण.

चौथीला पेन थांबलं.
तिच्यात एक यंत्रशिक्षक आहे.
तोच प्रश्न चाळीस वेळा विचारा,
एक्केचाळिसाव्यांदा तितक्याच मऊ आवाजात सांगतो.
मला हसू आलं. मग गेलं.
मंगळवारी अंकुश झोरेनं तिसऱ्यांदा विचारलं होतं,
‘बाई, चंद्र खाली का पडत नाही?’
आणि मी म्हटलं, लक्ष कुठाय तुझं?
त्याचं लक्ष चंद्रावरच होतं.

बाहेर पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे
एकदम लागतात, एकदम विझतात.
नऊ वर्षं झाली इथं,
त्यांच्याकडे बघून मी एवढंच ताडायची,
की धुकं किती उतरलंय.
आज वाटलं, कुणीतरी हजेरी घेतंय
आणि आमच्या बाजूनं कुणी ‘हजर’ म्हणत नाही.

सातवी कथा स्थलांतराची.
पृथ्वी संपली. माणशी वीस किलो सामान,
नंबर लावून नवा ग्रह.
वाचता वाचता मांडणीतली ताटं वाजली,
खिडकीची काच किणकिणली.
भिंतीपलीकडून कदम सर ओरडले, ‘तीनच्या आतला!’
आणि त्यांचा टीव्ही पुन्हा सुरू.
कोयनेकाठी एवढंच असतं त्याचं.
पुस्तकात मात्र जमीन हलल्यावर
माणसं चार पानं किंचाळतात.

ती गोष्ट आठवीच्या वर्गात वाचून दाखवली.
रोशनी ढेबेनं हात वर केला.
तिच्या आज्याला धरणाच्या बदल्यात
जमीन मिळाली म्हणतात, कागदावर,
दोन जिल्हे ओलांडून.
‘बाई, त्या ग्रहावर सातबारा कुणाच्या नावावर?’
वर्ग हसला.
ती बसली नाही.
‘आणि त्या वीस किलोत देव धरला का?’
लेखकानं हे कुठंच सांगितलेलं नाही.
मी दोनदा उलटून पाहिलं.

अकरावीचं शेवटचं पान फाटलेलं.
बरीच वर्षं अवकाशात राहून एकजण गावी निघालाय,
टेकडी उतरतोय, आणि पुढं शिवणीचा दोरा.
मुलांना म्हटलं, शेवट तुम्ही लिहून आणा.
कुणी युद्ध आणलं, कुणी लग्न लावलं.
अंकुशची वही सगळ्यांच्या खाली होती.
दीडच ओळ :
‘तो आला तेव्हा गुरांनी वळखला,
मानसांनी नाही.’

‘न’चा ‘ण’ करायला पेन टेकवलं.
टिंब उमटलं तेवढंच.
शेऱ्याची जागा दोन दिवस मोकळी आहे.
पानाच्या तळाशी, पुसट पेन्सिलीत,
त्यानं आणखी काही लिहिलंय :
बाई, चंद्राचं राहिलं.