विधी असावा

तिसऱ्या दिवशी दुपारी चरात
कुत्र्याची कवटी निघाली.
तोंड पूर्वेकडे. शेजारी सात पांढऱ्या गारगोट्या
आणि चिखलात रुतलेला एका भांड्याचा काठ.

डॉक्टर प्रॉसर गुडघ्यांवर बसले.
दोन दिवस नुसते शिंपले निघत होते, आणि वारा,
ऑर्कनीचा वारा, जो कुणाचंच वाक्य पुरं होऊ देत नाही.
मी माइकची काठी धरून उभा.
हेडफोनमध्ये आधी त्यांचा श्वास आला, मग शब्द:
"विधी असावा."

हा शब्द माझ्या ओळखीचा.
बारा वर्षं मी या कार्यक्रमाचा आवाज सांभाळतो.
चूल निघाली तर ते चूल म्हणतात,
उकिरडा निघाला तर उकिरडा.
कशाचा काही पत्ता लागेना
की आवाज अर्ध्या पट्टीनं खाली येतो
आणि विधी होतो.

संध्याकाळपर्यंत संगणकावर मिरवणूक निघाली.
कातडी पांघरलेली माणसं, मशाली,
आणि एक पुरोहित, ज्याला चित्रं करणाऱ्या पोरानं
स्वतःच्या मामाचा चेहरा दिला होता.
कुत्रा परलोकाचा राखणदार ठरला.
गारगोट्या म्हणजे तारे, किंवा चंद्राच्या कला,
किंवा (हे रोझलिंडला सुचलं, चेहऱ्यावरचा रंग पुसताना)
मेलेली मुलं.
"मुलं ठेवू या," निर्माता म्हणाला.

शेत थोरा फूबिस्टरचं. वय एक्क्याऐंशी.
चौथ्या दिवशी तिचीही मुलाखत घेतली कुंपणापाशी,
मागे मेंढ्या याव्यात म्हणून दोनदा.
"तुमच्या पायांखाली पाच हजार वर्षं झोपली आहेत.
कसं वाटतं?"
"त्या कोपऱ्यात बटाटे धरत नाहीत," ती म्हणाली.

मग जेवणाची सुट्टी.
तिच्या कोटाचा माइक काढायचा राहिला.
चूक माझी. कानांवरचे हेडफोन तरी
उतरवायला हवे होते. नाही उतरवले.
गमबुटांची चपक चपक. फाटकाची कडी.
चरावरचं प्लास्टिक फडफडलं,
आणि पुष्कळ वेळ काहीच नाही.
मग अगदी जवळून, जणू माझ्याच कानाशी:
"मॉस, तुला उगाच उठवलं रे."

तुकडे तुकडे आले.
एडविनची होडी परतली नाही ते वर्ष.
कुत्रं धक्क्यावरून हलेना, अन्नाला शिवेना.
म्हणून तोंड धक्क्याकडे.
म्हणून एडविनचा वाडगा, दुसरं कोण खाणार त्यातून.
"आणि दगड..." ती थांबली.
"दगड का ठेवले मी?
काहीतरी ठेवावंसं वाटलं."

मी कुणाला बोललो नाही. गरजही पडली नाही.
चारच्या सुमारास भांडी धुणाऱ्या एल्स्पेथच्या ब्रशाखाली
वाडग्यावरची निळी रेघ उजळली,
तळाला कारखान्याचा शिक्का.
निर्माता शिवी देऊन चहाला गेला.
मामाचा चेहरा पुसला गेला, मशालींसकट.

प्रॉसर मात्र जागचे हलले नाहीत.
आपलीच आकृती उघडून, होकायंत्र लावून,
त्यांनी कवटी होती तशी ठेवली,
अंशाचाही फरक नको म्हणून दोनदा तपासून.
मग एकेक गारगोटी.
वाडगा घेऊन एल्स्पेथ पळत आली.
कॅमेरा बंद होता.

माझं एक काम उरलं होतं.
जागा सोडण्याआधी तिथली शांतता
आम्ही मिनिटभर नोंदवून घेतो.
संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला लागते ती.
मी हात वर केला.
खड्ड्याभोवती नऊ माणसं उभी राहिली,
माना खाली, हात जुळवून,
म्हणजे जॅकेटचं कापड सळसळू नये म्हणून.
चहाला गेलेला निर्माताही येऊन उभा राहिला.
मिनिट संपलं.
माझा हात तसाच वर राहिला, का ते विचारू नका,
आणि कुणी हललं नाही.

थोरा स्वयंपाकघराच्या खिडकीत होती.
तिथून हे काय दिसलं असेल,
ते मी तिला विचारलं नाही.