उधाणाची किंमत

बंदीच्या दिवसांत बर्फाला गिऱ्हाईक नसतं,
तरी कारखान्याला राखण लागते एक माणसाची.
म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही तिथे चौघं.
वेंगुर्ला बंदर, होड्या झापांखाली,
वजनकाट्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नकाशा,
आणि वीस बाजूंचा फासा, जो दोनदा
बंद कॉम्प्रेसरखाली गेला.

खेळ मी रचला. बेटं माझी, राक्षस माझे,
मंत्रही माझेच, एकशे चौदा,
जुन्या बिलबुकांच्या पाठीवर.
पहिल्या डावाला वाटलं, जमलं.

दुसऱ्या डावाला बस्त्यावने 'उधाण' म्हटलं.
समुद्र उठला. किल्ला गेला, चाचे गेले,
तीन महिने जपून वाढवलेला माझा खलनायक
एका वाक्यात वाहून गेला.
पुढची पाळी शमीमची.
तिच्या खलाशाच्या हातात सुरी, समोर कोणी नाही.
"मगे आमी काय करूचा?" जयवंती म्हणाली,
"बांगडे मोजूचे?"

घरी येऊन खोडरबर घेतलं.
नुकसान निम्मं केलं, तर ते उधाण राहिना,
डबक्यात दगड पडल्यासारखं झालं.
दिवसातून एकदाच? बस्त्याव ते एकदा
पहिल्याच मिनिटाला म्हणणार.
शक्तीचे गुण दिले, दहा, बारा, पंधरा,
बेरीज जुळली,
पण त्या बेरजेत जादू नव्हती,
उधारीच्या वहीत असते तेवढीसुद्धा.

बस्त्यावच्या काकाची पर्ससीनची बोट आहे.
गेल्या मोसमात रात्री दिवे लावून गेली,
तर टोपल्या उचलायला बाहेरची माणसं आणली.
पुढचे पंधरा दिवस जयवंतीचे वडील
रापण ओढत होते, ओली, जड,
आत शेवाळ.
हे टेबलावर कुणी बोललं नाही. बोलणारही नाही.

मी फक्त नियम लिहिला:
मंत्र पाण्यातून येतो, आणि पाणी सगळ्यांचं एकच.
मधोमध एक वाटी,
वाटीत तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपा, सत्तावीस.
ठिणगीला एक, धुक्याला तीन, जखम भरायला चार,
उधाणाला एकोणीस.
म्हणायचं तर म्हणा, बंदी नाही.
वाटी पुन्हा भरेल ती भरतीला,
आणि भरती फाशाच्या मर्जीवर.

काल किल्ला पुन्हा उभा केला.
वाटीत एकवीस उरल्या होत्या,
शमीमचा खलाशी रक्तात पडलेला,
तेव्हा बस्त्यावने हात घातला.
मोजून एकोणीस काढल्या,
तळहातावर धरून बसला.
"भरती कधी?" त्याने विचारलं,
आणि मी सवयीने भिंतीवरच्या
खऱ्या कोष्टकाकडे बघितलं.

त्याने उधाण म्हटलंच.
किल्ला गेला. खलाशी गेला.
या वेळी तो हसला नाही, शमीम रागावली नाही,
वाटीतल्या दोन शिंपा एकमेकींवर घासत राहिली.
जयवंतीने फासा उचलला, भरतीसाठी,
टाकला, नाही.
पुन्हा टाकला.

एकोणीस जरा जास्त होतात का?
बिलबुकाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलंय: सतरा?
प्रश्नचिन्ह अजून खोडलेलं नाही.