नमुना क्रमांक सतरा

आमच्या प्रयोगशाळेत वस्तू मोडायला आणतात.
जोडायचं काम शेजारच्या वर्कशॉपात.
इथे दोन जबड्यांत धरायचं आणि ओढायचं,
तुटेपर्यंत.
एकतीस वर्षं मी हेच करतो,
सरकारी पगारावर.

त्या दिवशी मकरपुऱ्याहून नटुभाई पंचाल आले.
स्कूटरच्या डिकीत, जुन्या गुजराती पेपरात गुंडाळलेले
अठरा नमुने.
लष्कराच्या ट्रकांना पाट्यांखाली लागणाऱ्या पिना,
पहिलीच ऑर्डर.
घरावर कर्ज, हाताखाली चौदा कारागीर,
आणि कपाळावरचं कुंकू अजून ओलं.

यंत्र माझ्याहून वयानं मोठं.
काटा मधेच अडकतो,
तेव्हा काचेवर टिचकी मारावी लागते.
हे कुठल्या पुस्तकात नाही,
मी इला राठवाला शिकवलं.
इला छोटाउदेपूरची, तिसऱ्या वर्षाला.
तिची फी बापानं मोहाची फुलं विकून भरली,
इतकी कमी आहे ती
आणि इतकी जास्त.

सोळा नीट गेले.
आधी लांबले, मग मान बारीक झाली, मग सुटले,
एका टोकाला पेला, दुसऱ्या टोकाला शंकू.
चांगलं पोलाद असंच जातं,
सांगूनसवरून.

सतरावा न सांगता गेला.
सुतळीबाँबसारखा आवाज,
खिडकीतली कबुतरं उडाली.
हवे होते सहाशे, काटा चारशे अठ्ठ्याऐंशीवर.
तुटलेलं तोंड खडीसाखरेसारखं चकाकत होतं.

"अठरामधला एक," नटुभाई म्हणाले,
"चालशे, साहेब, चालशे."
सर सभागृहात होते.
तिथे कोणी पाहुणे राष्ट्रउभारणीवर बोलत होते,
टाळ्या इथवर ऐकू येत होत्या.
खरं सांगतो, माझं पेन थांबलं.
त्या चौदांतला एक माझ्याच गल्लीत राहतो,
त्याची पोरगी आमच्या दारात लंगडी खेळते.
आणि चारशेचे सहाशे करायला
शाई ती किती लागते?

इला म्हणाली,
"काटा अडकला नव्हता, काका.
मी टिचकी मारून पाहिलं."

मी चारशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

नटुभाई बसले त्या तीन पायांच्या स्टुलावर,
ज्याच्या चौथ्या पायाचा प्रस्ताव
अजून मंजुरीत आहे.
मग तिनंच विचारलं,
तेलात विझवता की पाण्यात?
नंतर भट्टीत किती वेळ?
त्यांना सांगता येईना.
विजेचं बिल वाचवायला कारागीर घाई करायचा, एवढं कळलं.

संध्याकाळी सर टाय सैल करत आले,
तुकडा दिव्याखाली धरून
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"आपली भट्टी द्या त्यांना," म्हणाले,
"रात्रीची. दिवसा प्रॅक्टिकलं आहेत."

मग तीन आठवडे मुलं पाळीपाळीनं जागली,
नटुभाईंच्या पैशांची सेव-उसळ खाऊन.
तापलेल्या पोलादाचे रंग त्यांनी कारागिरांकडून घेतले,
गवताच्या काडीचा पिवळा,
वांग्याचा जांभळा, मग मोरपिशी,
आणि कारागिरांना तापमापक वाचायला शिकवलं.
कोण कुणाचा मास्तर,
हजेरीपटावर कुठे लिहायची सोय नव्हती.

दुसऱ्या खेपेला छत्तीस नमुने.
छत्तीसही सांगून गेले.

पिना कुठे पोचल्या, आम्हाला माहीत नाही.
कुठल्याशा घाटात, बर्फात
एखादा ट्रक माणसांनी भरलेला
वळण घेत असेल,
आणि काही होत नसेल.
काही झालं नाही, असं पत्र कोण लिहितं?

वार्षिक अहवालात एक ओळ आली,
उद्योग-सहकार्य : एक.
इलाचं नाव नाही. कबुतरं परत आली.

सतराव्याचे दोन्ही तुकडे माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत,
सुतळीनं बांधलेले.
नव्या पोरांच्या हातात पहिल्या दिवशी तेच देतो.
तोंड नीट बघा, म्हणतो,
पण बोट फिरवू नका,
अजून कापतं.