तळघरातलं ऊन

एकूण त्रेसष्ट.
बाबा म्हणतात बासष्ट,
कारण फ्रीजमागे पळालेली ती शेपूटतुटकी पाल
ते हिशेबात धरत नाहीत.

एस्टरहेझीत आज उणे एकतीस.
तळघरात मात्र लख्ख वैशाख,
बारा-बारा तासांचा, टायमरवर लावलेला.

लोक विचारतात, कॅनडाच्या या बर्फात
ओरेस्टला हे सुचलं कुठून?
मला ठाऊक आहे.
तीस वर्षं हा माणूस पोटॅशच्या खाणीत उतरला.
वर गाड्यांची तेलं गोठायची
आणि खाली किलोमीटरभर, गुलाबी मिठाच्या भिंतींत,
माणसं बाह्या दुमडून डबा खायची.
निवृत्तीला कंपनीनं घड्याळ दिलं.
ऊब कुणी दिली नाही.
ती त्यांनी काच, तारा, दिवे जोडून
जिन्याखाली परत बांधली
आणि थंड रक्ताचे भाडेकरू ठेवले.

आता हात थरथरतात.
चिमट्यातला उंदीर असा नाचतो
की सापच मागे सरतो.
"त्याला वाटतं, मी चेष्टा करतोय."
एवढंच बोलले.
दुसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या फळ्यावर कागद:
चांगल्या घरी देणे आहे.

चौकशी अशी, की मुलीच्या स्थळाचीही कुणी करत नसेल.
रात्री घरात किती अंश? वीज गेली तर?
कुत्रा आहे? आणि कुत्र्याचा स्वभाव?
मग जनावर हातात द्यायचं
आणि दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही.
यॉर्कटनहून आलेला एक तरुण
चौथ्या मिनिटाला फोनकडे बघू लागला.
त्याला कॉफी मिळाली.
नुसती कॉफी.

शाळेची बस चालवणारी डोरीन कोस्टिनुक
निळ्या जिभेची सापसुरळी कोटात घालून घेऊन गेली.
"सासू तळघरात उतरत नाही," म्हणाली, "गुडघे."
दोन भाऊ आले, हॉकीच्या चित्रांचे अभ्रे घेऊन.
अभ्र्यात साप, अभ्र्याला गाठ,
थर्माकोलच्या पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या,
आणि बाबा उघड्या डोक्यानं अंगणात उभे,
गाडीचं दार नीट लागलं का बघत.

बुर्याक शेवटी राहिला.
बुर्याक म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत बीट;
अजगराचा रंग तसा, आणि वय एकोणीस.
म्हाताऱ्या सापाला कोण नेतं?
दवाखान्यातली मारिविक आली, पाळी संपवून, बुटांत बर्फ.
दहा मिनिटं धरला. मग आणखी दहा.
मग म्हणाली, इलोइलोला आमच्या तांदळाच्या कोठारात
एक असायचा. आजी त्याला हाकलू द्यायची नाही.

बाबांनी तिला अंश विचारले नाहीत.
वही दिली.
एकोणीस वर्षांचं खाणं, वजनं, टाकलेल्या काती, तारखा.
शेवटच्या पानांवर अक्षर मुंगीएवढं झालेलं.
तेव्हा आम्हाला वाटलं होतं,
कागद वाचवतायत.

दिवे त्यांनी स्वतः मालवले,
मला जिन्यावर थांबायला सांगून.
बाहेर विजेचा मीटर बघून आले. "झोपला," म्हणाले.

रात्री जेवताना खालून आवाज.
किर्र.
खाद्य म्हणून आणलेले रातकिडे,
कधीतरी पेटीतून सुटून भिंतीत गेलेले.
त्यांना न्यायला कुणी आलं नाही,
आणि खायलाही आता कुणी उरलं नाही.
भर जानेवारीत भिंत वाजत राहिली.

बाबांनी चमचा खाली ठेवला.
उठले, कठडा धरत धरत उतरले.
बराच वेळ काही नाही.
मग जिन्याच्या तळाशी
एका दिव्याचा पिवळा चौकोन.

"लारिसा," खालून हाक आली,
"ती फ्रीजमागची...
तिला धरून किती होतात?"