अकरा फूट

रिसेप्शनवरचा पोरगा विचारतो,
मॅडम, पहिल्यांदाच येऊन राहिल्या का इथं?
मुक्कामाला पहिल्यांदाच, मी म्हणते.
तो संत्र्याचा रस पुढे करतो, वर पुदिन्याचं एक पान.
भाचीनं भरलेत पैसे. निवृत्तीची भेट,
सात वर्षं उशिरा.

महालच्या गल्लीत ऑटो अडला,
शेवटचा तुकडा बॅग ओढत आले.
तेव्हाही चालतच आले होते, एप्रिलमध्ये, सत्त्याऐंशी साली,
फीत, फळी, डोक्याला ओला रुमाल,
नगर भूमापन कार्यालयाची मोजणीदार हेडाऊबाई,
आणि दारात उभे एकेचाळीस वारस.
एकाला हवी होती झुंबराखालची फरशी,
दुसऱ्याला झुंबर.

आता झुंबर एकच आहे आणि ते सगळ्यांचं आहे,
म्हणजे ज्याला परवडेल त्याचं.
संध्याकाळी पाहुण्यांना फिरवतात.
गाइड मुलगी हळू आवाजात सांगते, हे राणीसाहेबांचं शयनगृह.
माझ्या शिटवर इथं कडबा होता.
मी बोलत नाही. राणीला तरी कुठे
झोपायची जागा कमी पडू द्यायची?

मग ती उत्तरेकडच्या भिंतीवर तळवा ठेवते.
ही बघा, अकरा फूट जाड.
तोफेचा गोळासुद्धा अडकून बसला असता.
सगळे भिंतीचा फोटो काढतात.
पुण्याचे एक गृहस्थ वाजवून बघतात.

ती भिंत मी बांधली आहे.
शाईनं. ट्रेसिंग कापडावर.

बाहेरून चौसष्ट फूट भरत होतं, आतून त्रेपन्न.
मधल्या अकरांत राहत होती फुलमाबाई सलामे,
दिवाबत्ती करणाऱ्या सासऱ्याच्या मागे उरलेली,
चूल, दोन पोरं, खुंटीला कंदील,
ज्यात तेल घालायला कोणी सांगितलं नव्हतं बारा वर्षं.
ती म्हणाली, बाई, हे नका काढू नकाशात.
काढलं का कागद येईन,
कागद आला का पोलीस येईन.
मी तिच्या हातचा कोरा चहा प्यायले
आणि लिहिलं: भिंत, जाड.
साहेब हसले. म्हणाले, जुने लोक
मजबूत बांधत बाप्पा.

तेवीस वर्षं ती त्या भिंतीत सुखरूप राहिली.
मग विक्री झाली. ज्यांची नावं होती त्यांना पैसे मिळाले,
नकाशातल्या भाडेकरूंना पण थोडेथोडे.
भिंतीला कोण देतं?
ती कुठं गेली, मी विचारलं होतं.
पानठेल्यावाला म्हणाला, कोण सलामे?

खोली दोनशे चार. रात्रीचे दीड.
एसीचा आवाज, खाली कोणाच्या तरी लग्नाची उरलेली गाणी.
न्हाणीघर लांबट आहे, नको तितकं लांबट.
दिवा लावते, गुडघे टेकते
आणि फीत नाही म्हणून वितीनं मोजते
भिंतीपासून, संगमरवरी टबाच्या कडेनं, भिंतीपर्यंत.
माझी वीत सात इंचांची. तेव्हाही होती.
अठरा विती, वर चार-पाच बोटं.

नळाच्या जागी चूल होती.
आरशाच्या जागी खुंटी.
टबमध्ये कोरडीच बसून राहते थोडा वेळ,
पाय पोटाशी घेऊन,
दोन पोरं निजतील एवढी जागा सोडून.

सकाळी तर्री-पोहे येतात चांदीसारख्या वाटीत,
तर्री वेगळी, थेंबभर, घाबरलेली.
सोबत एक कार्ड: आपला मुक्काम कसा झाला?
कार्ड उलटं करते. पेन्सिल धरल्यावर
हात अजून थरथरत नाही, हे एक बरं आहे.
बाहेरची रेघ. आतली रेघ.
मध्ये दार, चूल, खुंटी.
सलामे, वहिवाट जुनी, माणसं तीन.
एका इंचाला चार फूट.
सही करते, पण तारीख कुठली टाकावी कळत नाही,
सोडून देते.
कार्ड वाटीखाली दाबून निघते.

लिफ्टपाशी लक्षात येतं,
बाण राहिला काढायचा.
कोणताही नकाशा त्याच्यावाचून अपुरा, नव्या पोरांना
मीच सांगायचे: आधी उत्तर दाखवा.

खोलीची चावी तर देऊन बसले.